'संत' आणि 'सांतो' : एका लॅटिन विशेषणाची कुळकथा

भाषेचा अभ्यास करू लागलेल्या विद्यार्थ्याला पहिला मोह पडतो तो ध्वनिसाम्याचा. दोन भाषांतील दोन शब्द कानाला सारखे लागले आणि त्यांचे अर्थही जवळ आले, की ती एकाच आईची लेकरे आहेत असे म्हणून आपण मोकळे होतो. मराठीतील 'संत' आणि पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन या भाषांतील 'सांतो' ही अशीच एक जोडी आहे. इंग्रजीतील 'सेंट' हा 'सांतो'च्याच घरातला. ज्ञानेश्वर-तुकारामांना आपण संत म्हणतो. फ्रान्सिस झेवियरला ख्रिस्ती लोक सेंट म्हणतात. उच्चार जवळचा, अर्थ जवळचा. शिवाय संस्कृत आणि लॅटिन या दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत, हे तर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मग हे दोन शब्द सख्खे भाऊ का मानू नयेत?

याचे उत्तर असे की, ते भाऊ नाहीत; दूरचे नातेवाईकसुद्धा नाहीत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा चेहऱ्यामोहऱ्याच्या साम्याने कितीतरी शहाणी माणसे फसली. शब्दांतही असे तोतये असतात. प्रस्तुत लेखात 'सांतो' या विशेषणाची कुळकथा पाहावयाची आहे, 'संत' या आपल्या शब्दाशी ती ताडून पाहावयाची आहे, आणि हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नसून आपल्याही कामाचा कसा आहे, हे सांगावयाचे आहे.

१. मूळ लॅटिन शब्द

लॅटिन भाषेत 'सांकीरे' असे एक क्रियापद आहे. नियमाने पक्के करणे, कोणी मोडू नये असे ठरवून देणे, हा त्याचा मूळ अर्थ. यापासून 'सांक्तुस' हे विशेषण झाले. आपल्याकडे 'लिहिणे'पासून 'लिहिलेला' किंवा 'ठरवणे'पासून 'ठरवलेला' अशी रूपे होतात, त्याच जातीचे हे रूप आहे. व्याकरणाच्या भाषेत ते कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण होय. 'सांक्तुस' म्हणजे 'अनुल्लंघनीय ठरवलेला'. पुल्लिंगी सांक्तुस, स्त्रीलिंगी सांक्ता, नपुंसकलिंगी सांक्तुम.

या शब्दाचा जुना उपयोग पाहिला तर आश्चर्य वाटेल. दुसऱ्या शतकातील रोमन कायदेपंडित गायुस याने वस्तूंचे वर्गीकरण करताना नगराचे तट आणि वेशी यांना 'सांक्त' वस्तू म्हटले आहे. तट काही भक्ती करीत नाही, वेस काही उपासतापास करीत नाही. परंतु कायद्याने त्यांना हात लावण्यास मनाई केलेली आहे, म्हणून त्या 'सांक्त'. पुढे रोमन जगात ख्रिस्ती धर्म पसरला आणि 'पवित्र', 'देवाला वाहिलेला' हा अर्थ या विशेषणाला प्रामुख्याने चिकटला. नंतर पुण्यपुरुषांच्या नावामागे ते उपाधीसारखे लागू लागले.

२. लेकी आणि त्यांची रूपे

लॅटिनपासून ज्या भाषा जन्मल्या त्यांना रोमान्स भाषा म्हणतात. 'सांक्तुस' हे विशेषण या लेकींनी माहेरच्या दागिन्यासारखे जपले, पण प्रत्येकीने ते आपापल्या मापाने घडवून घेतले. मधला 'क' बहुतेक सर्वत्र गळाला. इटालियनमध्ये 'सांतो' हे पूर्ण रूप. नावापूर्वी आले की साध्या व्यंजनाआधी ते 'सान' होते, स्वराआधी 'सांत' होते आणि स्तेफानोसारख्या जोडाक्षराने सुरू होणाऱ्या नावाआधी पूर्ण 'सांतो' राहते. स्पॅनिशमध्ये नावापूर्वी 'सान' म्हणतात, म्हणून सान फ्रान्सिस्को; मात्र 'दो' किंवा 'तो'ने सुरू होणाऱ्या नावाआधी 'सांतो' कायम राहते, म्हणून सांतो दोमिंगो. चिलीची राजधानी सांतियागो हिच्या नावात तर विशेषण आणि याकोब हे नाव इतके एकजीव झाले आहे की सांधा दिसतच नाही. फ्रेंचमध्ये पुल्लिंगी रूपाचा उच्चार 'सँ' आणि स्त्रीलिंगी रूपाचा 'सँत' असा होतो. हा दुसरा उच्चार ऐकून मराठी माणूस चमकला नाही तरच नवल!

रुमानियन भाषेत गंमत निराळी आहे. तेथे हे जुने विशेषण काही गावांच्या नावांत, 'सन' या रूपाने, शिल्लक राहिले. रोजच्या व्यवहारात 'पवित्र' या अर्थाचा शब्द 'स्फंत' असा आहे, आणि तो लॅटिन नसून स्लाव्ह भाषांतून आलेला आहे. त्याचे नाते पारशी बांधवांच्या अवेस्ता ग्रंथातील 'स्पेंत' या पवित्रवाचक शब्दाशी लागते. म्हणजे संत, सांतो, स्पेंत असे तीन सारखे चेहरे एका रांगेत उभे राहिले, आणि तिघांची घराणी तीन!

पोर्तुगीज भाषेचा नियम आपण नीट लक्षात ठेवू, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. पुरुषाचे नाव व्यंजनाने सुरू होत असेल तर सामान्यतः 'सांव', स्वराने सुरू होत असेल तर 'सांतु', आणि स्त्रीलिंगी नावाआधी 'सांता'. विशेषण नामानंतर आले तर पूर्ण रूपच राहते. नेहमी हाताळलेली नाणी झिजतात, तशी नावाला लागलेली उपाधी झिजते. आपल्याकडे 'पंडित'चा 'पंत' झाला तो याच न्यायाने.

३. आपल्या परिसरातील खुणा

हे सारे युरोपातले झाले. आपल्या गावाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. बदलापूरवरून येणारी उल्हास नदी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. १९४९ साली कल्याण छावणीतील सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले ते तिच्यावरूनच. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून जाणारी वालधुनी कल्याणजवळ तिलाच मिळते. हेच पाणी पुढे खाडीला लागते आणि वसईपाशी समुद्रात जाते. त्या वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. तेथील किल्ल्याच्या बुरुजांना त्यांनी आपल्या पुण्यपुरुषांची नावे दिली होती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने सुरुंग लावून जे बुरूज फोडले, त्यांतला एक सांव सेबास्तियांव याच्या नावाचा होता. ज्या शब्दाने रोमन लोक तटाला अनुल्लंघनीय म्हणत, त्याच शब्दाने सुरू होणारे नाव ल्यालेला तट मराठ्यांनी ओलांडला, असे गमतीने म्हणता येईल.

पोर्तुगीजांकडून मराठीने पाव, चावी, बटाटा, परात, लिलाव, पगार, साबण असे कितीतरी शब्द घेतले. गोव्याचे थोर भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांतील अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोशग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. या यादीकडे पाहिले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते : हे बहुतेक शब्द नामे आहेत, वस्तूंची नावे आहेत. वस्तू आली की तिचे नाव सहज येते. विशेषण मात्र भाषेच्या उंबरठ्याबाहेरच ताटकळते, कारण चांगले-वाईट, मोठे-लहान सांगायला प्रत्येक भाषेजवळ आपले शब्द असतात. म्हणून 'सांतु' हे विशेषण मराठीत विशेषण म्हणून आले नाही. ते स्थळनामांत गोठून राहिले.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सांताक्रूझ. पश्चिम रेल्वेच्या या स्थानकावरून रोज लाखो माणसे जातात, आणि त्यांतल्या कित्येकांना वाटते की 'क्रूझ' नावाची कोणी साध्वी असावी. वस्तुतः येथे व्यक्ती कोणीच नाही. 'क्रूझ' म्हणजे क्रूस. पोर्तुगीजमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी झाले : सांता क्रूझ, म्हणजे पवित्र क्रूस. नाताळातला सांताक्लॉज हा मात्र पुरुष असून 'सांता' कसा, हा प्रश्न येथे सुचणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, तो पोर्तुगीज नसून डच भाषेतील 'सिंटरक्लास'चा, म्हणजे निकोलस या पुण्यपुरुषाच्या नावाचा, अमेरिकेत झालेला अपभ्रंश आहे. विशेषण तेच, वाट निराळी.

गोव्यात गेलात तर पोर्तुगीज व्याकरणाचा धडाच गावांच्या पाट्यांवर वाचता येतो. इस्तेव्ह आणि आंद्रे ही नावे स्वराने सुरू होतात, म्हणून सांत इस्तेव्ह आणि सांत आंद्रे. इनेज ही स्त्री, म्हणून पणजीतील सांता इनेज. जुझे हे नाव व्यंजनाने सुरू होते, म्हणून तेथे आखूड रूप : सां जुझे. २४ जून रोजी पानाफुलांचे मुकुट घालून तरुण विहिरीत उड्या घेतात, त्या सणाचे नाव सांव जुआंव. राज्यकर्ते गेले, भाषा मागे पडली, पण विशेषणाचे तिन्ही अवतार पाट्यांवर आणि सणांत टिकून आहेत.

४. मराठीतील 'संत'

आता आपल्या शब्दाकडे वळू. संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांना 'सन् – सन्तौ – सन्तः' हे चालवणे पाठ असेल. 'अस्' म्हणजे असणे. त्यापासून 'सत्', म्हणजे 'असणारा', 'जो आहे तो'. जे खरोखर आहे तेच खरे आणि तेच चांगले, अशा क्रमाने अर्थ वाढत गेला. गीतेच्या सतराव्या अध्यायात 'सत्' हा शब्द अस्तित्व आणि चांगुलपणा या दोन्ही अर्थांनी वापरतात असे स्पष्टच सांगितले आहे. या 'सत्'चे सबल अंग 'सन्त्'. त्यापासून आपला 'संत'. 'सत्य' त्याच घरातले, 'सती' हे तर त्याचेच स्त्रीलिंगी रूप. पालीमध्ये 'सत्' आणि 'शान्त' या दोन्ही शब्दांची 'सन्त' अशी एकच रूपे झाली, त्यामुळे काही अभ्यासक 'शान्त' या शब्दाकडेही बोट दाखवतात. कोणतीही बाजू घेतली तरी लॅटिन 'सांक्तुस'शी संबंध येत नाही.

हे कशावरून ठरवायचे? धातू कोठे संपतो आणि प्रत्यय कोठे सुरू होतो, हे पाहून. 'सन्त्' या शब्दात 'अस्' या धातूचा केवळ 'स' उरला आहे. 'अन्त्' हा सगळा प्रत्यय आहे. 'सांक्तुस'मध्ये 'सांक्' हा धातू आणि पुढचा 'त' हा प्रत्यय. म्हणजे दोन शब्दांत जे अक्षर सारखे दिसते ते एकात प्रत्ययाचे आहे, दुसऱ्यात धातूचे. यातून एक साधी कसोटी हाती लागते : काळात जसजसे मागे जावे तसतसे खरे भाऊ एकमेकांच्या जवळ येतात आणि तोतये दूर जातात. आजचा फ्रेंच 'सँत' आणि आजचा मराठी 'संत' जवळजवळ एक वाटतात. दोन हजार वर्षे मागे जा, एकीकडे 'सांक्ता' आणि दुसरीकडे 'सन्त्' उभे दिसतील.

५. खरी नाती कोठे आहेत?

मग 'संत' या शब्दाचा लॅटिनमधला खरा भाऊ कोण? तो आपण रोज वर्गात उच्चारतो. हजेरीच्या वेळी 'प्रेझेंट सर' म्हणतो ना, त्यातला 'झेंट' हाच तो भाऊ! लॅटिन 'प्राएसेन्स' म्हणजे 'समोर असणारा', 'आब्सेन्स' म्हणजे 'दूर असणारा'. यातील 'सेन्त्' आणि संस्कृत 'सन्त्' ही एकाच धातूची एकाच जातीची रूपे होत. याहून गमतीचा दुसरा भाऊ म्हणजे लॅटिन 'सोन्स'. तोही मूळचा 'असणारा' असाच; पण 'ज्याने केले तो हाच आहे' अशा वळणाने त्याचा अर्थ झाला 'अपराधी'. एकाच घरातला एक मुलगा पंढरीला गेला, एक हजेरीपटावर आला आणि एक आरोपीच्या पिंजऱ्यात!

'सांक्तुस'चे नातलगही आपल्याकडे आहेत, पण देवळात नव्हे, कचेरीत. रजा 'सँक्शन' झाली, कर्ज 'सँक्शन' झाले, इमारतीचा नकाशा 'सँक्शन' झाला, असे आपण म्हणतो. हा 'सँक्शन' त्याच 'सांकीरे' धातूचा. आणि मूळ अर्थ त्याने 'सेंट'पेक्षाही इमानाने सांभाळला आहे : अधिकाऱ्याने पक्के करून दिलेले.

पोर्तुगीज 'सांव' या एका रूपात तर तीन शब्द लपले आहेत. एक 'सांक्तुस'पासूनचा 'पुण्यपुरुष'. दुसरा लॅटिन 'सानुस'पासूनचा 'निरोगी'. आणि तिसरा लॅटिन 'सुन्त'पासूनचे क्रियापद, 'ते आहेत'. हा तिसरा संस्कृत 'सन्ति'चा भाऊ, अर्थात आपल्या 'संत' शब्दाचा आप्त. म्हणजे पोर्तुगीज माणूस 'सांव पेद्रु' म्हणतो तेव्हा त्याचा आपल्या 'संत' शब्दाशी काही संबंध नसतो. 'ते आहेत' असे साधे वाक्य बोलतो तेव्हा मात्र असतो.

६. अर्थाचा प्रश्न

येथवरचा भाग व्युत्पत्तीचा झाला. परंतु शब्दाची जात कळली की अर्थाकडेही नीट पाहता येते. 'सांक्तुस' हे कर्मणि भूतकालवाचक विशेषण आहे : कोणीतरी ठरवलेला. 'संत' हे कर्तरि वर्तमानकालवाचक विशेषण आहे : असणारा. व्याकरणातला हा फरक दोन परंपरांच्या व्यवहारातही पुष्कळ अंशी दिसतो.

रोमन कॅथलिक पंथात पुण्यपुरुषाची घोषणा करण्याची रीतसर पद्धत आहे. पोपने केलेली पहिली अधिकृत घोषणा ९९३ सालची, आउग्सबुर्गचे बिशप उलरिक यांच्याविषयीची. १५८८ मध्ये या कामासाठी रोममध्ये स्वतंत्र खाते निघाले. साक्षी, पुरावे, चौकशी, आक्षेप असा सगळा क्रम असतो. फ्रान्सिस झेवियर १५५२ साली वारला. त्याची घोषणा १६२२ साली झाली. आपल्या वसईचा सुपुत्र गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला. त्याची घोषणा १८६२ साली झाली. मधे दोनशे पासष्ट वर्षे गेली. गोव्यातील बाणावलीचे जुझे वाझ १७११ साली श्रीलंकेत वारले. त्यांची घोषणा २०१५ साली झाली.

आपल्याकडे असे खाते नाही, पत्रक नाही, तारीख नाही. चोखामेळ्याचे उदाहरण घ्या. ज्या विठ्ठलासाठी तो जगला त्याच्या देवळात पाऊल टाकण्याची त्याला परवानगी नव्हती. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून तो मरण पावला आणि पंढरपुरास महाद्वारासमोर त्याची समाधी झाली. त्या देवळाचे दरवाजे त्याच्या समाजाला उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. म्हणजे सहाशे वर्षे अधिकाऱ्यांची 'सँक्शन' नाहीच. तरी त्या सहाशे वर्षांत चोखोबा संत होताच. नामदेवाने त्याला आपला मानला, वारकऱ्यांनी त्याचे अभंग जपले, एवढे पुरे झाले. आपल्या उल्हासनगरातील सिंधी बांधव ज्यांचे नाव आदराने घेतात ते संत कंवरराम हेही असेच. १९३९ साली सिंधमध्ये त्यांची हत्या झाली. पुढे लोक घरदार सोडून इकडे आले, पण हा शब्द आणि हे नाव बरोबर घेऊन आले. कोणत्याही पीठाने दिलेली ती पदवी नाही.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. व्युत्पत्ती म्हणजे शब्दाची जन्मपत्रिका. तिच्यावरून शब्दाचे सगळे आयुष्य सांगू नये. कॅथलिक शास्त्राचे स्वतःचे म्हणणे असे की, पोप कोणाला पुण्यपुरुष 'करीत' नाही. तो आहे हे केवळ जाहीर करतो. पहिल्या हजार वर्षांत तर तेथेही लोकांच्या मान्यतेनेच हे मोठेपण मिळत असे. उलट आपल्याकडे अधिकाराची छाया नसतेच असे नाही. रस्त्याला, संस्थेला, योजनेला 'संत' या उपाधीसह नाव देताना ठराव आणि मंजुरी लागतेच. मदर तेरेसांच्या उदाहरणात दोन्ही अर्थ शेजारी दिसतात. १९९७ साली त्या निवर्तल्या त्याआधीच कितीतरी लोक त्यांना मराठी अर्थाने संत मानत होते. लॅटिन अर्थाने त्या २०१६ साली झाल्या.

७. समारोप

विद्यार्थिमित्रहो, याचा उपयोग आपल्याला दोन ठिकाणी आहे. पहिला भाषांतरात. 'सेंट'चे मराठी 'संत' आणि 'संतकवी'चे इंग्रजी 'सेंट पोएट' असे आपण उत्तरपत्रिकेत सर्रास लिहितो. व्यवहारात त्याला पर्याय नाही, आणि तसे लिहिणे चूकही नाही. पण लिहिताना हे ध्यानात असावे की आपण दोन निरनिराळ्या विहिरींचे पाणी एका घागरीत ओतत आहोत. चोखोबाला 'सेंट' म्हटले की त्याच्या संतपणातली मुख्य गोष्ट, कोणाच्याही परवानगीवाचून असणे, ती नेमकी सांडून जाते.

दुसरा उपयोग असा. दोन शब्द सारखे दिसले की त्यावरून आपली भाषा जगाची जननी आहे, अमुक धर्म आपल्यातूनच निघाला, असे सिद्ध करू पाहणारे लेखन आपल्या वाचनात अधूनमधून येते. ते वाचून अभिमानाने फुगण्यापूर्वी धातू, प्रत्यय आणि जुनी रूपे या तीन साक्षीदारांना विचारावे. 'संत'ला मोठेपण येण्यासाठी 'सांतो'शी सोयरीक जोडण्याची गरज नाही, आणि 'सांतो'लाही नाही. दोघेही आपापल्या घरी मोठे आहेत. एकाच्या पोटात 'ठरवलेला' आहे आणि दुसऱ्याच्या पोटात 'असणारा'. हे अंतर नीट जपून दोघांनाही नमस्कार करणे, हेच भाषेच्या अभ्यासकाचे काम होय.